माझा खोटा गुरुवार

मी आजवर एकही उपास मनापासून केलेला नाही. महाशिवरात्रीला घरात खिचडी होते म्हणून खातो आणि वर दुपारी बिस्किटंही खातो. तरीही खराडीतल्या आमच्या ऑफिसात परवापरवापर्यंत कुणीही सांगितलं असतं की हे गृहस्थ वीस-बावीस वर्षं न चुकता गुरुवार करतात. माझ्याकडे बघून एक-दोघांनी गुरुवारी अंडं सोडलं होतं. एक मुलगी नोकरी सोडताना माझ्या पाया पडायला वाकली. मी दचकून खुर्ची मागे घेतली, तर ती म्हणाली, "सर किती साधे आहेत!"

साधा वगैरे मी नाही. बोलत नाही, एवढंच. न बोलणाऱ्या माणसाबद्दल लोक आपणहून चांगलं धरून चालतात आणि त्याचा फायदा मी बराच काळ घेतला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची कंपनी म्हणजे कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतला तीन खोल्यांचा फ्लॅट. साखर कारखान्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. उसाची गाडी काट्यावर आली की वजन किती, ऊस कुणाचा, पावती छापून हातात द्यायची, असलं काम. माणसं अकरा, कॉम्प्युटर सात. आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये अमेरिकेला निघालेल्या मुलांचे पेढे वाटले जात होते आणि आम्ही मळीचे डाग पडलेले की-बोर्ड पुसत होतो. पण मजा होती. एक वाजला की दोन टेबलं जोडायची, त्यावर प्रिंटरचा वाया गेलेला, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद पसरायचा आणि सगळ्यांचे डबे उघडून मध्ये ठेवायचे. आपला डबा आपण खायचा नाही, हा नियम. कुणी केला माहीत नाही, पण मोडायची हिंमत साहेबांचीही नव्हती.

आमच्याकडे नव्या मॅडम रुजू झाल्या तो गुरुवार होता.

साहेबांनी ओळख करून दिली, पूर्ण नाव, आडनावासकट. पुण्यात आडनाव ऐकलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप एक कप्पा उघडतो. माझा उघडत नाही म्हणणारा पुणेकर मला भेटायचा आहे. थोड्या वेळानं त्यांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली एक लहानसा फोटो सरकवला. निळा कोट, गोल चष्मा. म्हणजे उरलीसुरली शंकाही मिटली.

इथं मला माझ्याबद्दल सांगायला हवं. कॉलेजात असताना समतेवर भाषण करून मी पहिलं बक्षीस आणलं होतं. त्या फोटोतल्या माणसाची पुस्तकं माझ्या कपाटात होती, आणि नुसती होती असं नाही, वाचलीही होती. त्याच घरात मोरीच्या कट्ट्यावर, धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा कप वेगळा पालथा घातलेला असायचा. पुस्तक वाचता वाचता मला तो दिसायचा. मी कधी आईला विचारलं नाही, की तो कप आतल्या कपांबरोबर का नसतो. उत्तर माहीत असलं की माणूस विचारत नाही.

तर एक वाजला. त्यांचा डबा ज्वारीची भाकरी, परतलेली मेथी आणि लसणाची चटणी असा होता. डबा एकेकापुढून फिरत माझ्यापर्यंत आला.

"घ्या ना," त्या म्हणाल्या.

माझा हात उचललाच गेला नाही. खरं सांगतो, डोक्यात कुठलाही विचार नव्हता. विचार आला असता तर मी नक्की घेतलं असतं, कारण विचारांनी मी फार पुढारलेला होतो. हात उचलला गेला नाही आणि तोंडातून वाक्य आलं, "आज माझा उपास आहे."

आमच्यात एक जण नगरकडचा होता. कॉट बेसिसवर राहायचा, म्हणजे एका खोलीत पाच खाटा आणि त्यातली एक याची. तो ताबडतोब म्हणाला, "अरे, मग सकाळी टपरीवर माझ्या शेजारी उभं राहून पोहे कोणी चेपले?"

"एकवेळचा असतो," मी म्हणालो.

"हां, म्हणजे पोहे झाले की सुरू होतो होय?"

सगळे हसले. त्याही हसल्या. "गुरुवार करता का? मला माहीत असतं तर..." असं म्हणून त्यांनी डबा पुढच्याकडे सरकवला. मग मला दुसऱ्या कुणाच्या डब्यालाही हात लावता आला नाही. बायकोनं दिलेली भरली वांगी कॉट बेसिसवाल्यानं बोटं चाटत संपवली आणि मी सहा वाजेपर्यंत पाणी पीत बसलो.

पुढचे चार-पाच दिवस मी जेवायला कोपऱ्यातली खुर्ची धरली. त्यांचा डबा पोचायच्या आत ताट भरून घ्यायचो. हे लिहितानाही कान गरम होतात.

आणि पुढच्या गुरुवारी त्यांनी माझ्यापुढे एक वेगळा स्टीलचा डबा ठेवला, पांढऱ्या रुमालात बांधलेला.

"तुमच्यासाठी."

आत साबुदाण्याची खिचडी होती. दाणा न् दाणा सुटा, मध्ये बटाट्याच्या पातळ काचऱ्या, तुपाचा वास.

"आमच्यात उपास नसतात, त्यामुळे मला येत नव्हती," त्या म्हणाल्या. "खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून शिकले. पहिल्यांदा केली तर लगदा झाला, तो आमच्या घरच्यांनी दोन दिवस खाल्ला. ही दुसरी. कोथिंबीर उपासाला चालते की नाही, यावर काकूंचं आणि त्यांच्या जावेचं एकमत होईना. म्हणून वेगळी आणलीये." त्यांनी कागदाची पुडी ठेवली. "तुमच्या देवाला चालत असेल तर घ्या."

दहा माणसं माझ्याकडे बघत होती. पहिला घास मी सुटका करून घेण्यासाठी घेतला. दुसरा मात्र माझा मी घेतला. मग डबा खरवडून खाल्ला आणि शेवटी पुडीतली कोथिंबीर नुसतीच तोंडात टाकली. मी त्या दिवशी बदललो, असं लिहायला मला फार आवडेल. प्रत्यक्षात मला खिचडी आवडली. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा फिरत आला तेव्हा हात आपसूक उचलला गेला आणि नंतर तो कधी थांबला नाही. जी गोष्ट दोन पुस्तकांना आणि एका बक्षिसाला घालवता आली नव्हती, ती अशी पोटातून गेली.

उपास मात्र सुटेना. दर गुरुवारी त्या काहीतरी आणायच्याच. कधी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, कधी राजगिऱ्याची थालीपीठं, कधी रताळ्याचा कीस. "आज नको" म्हणायला कारण लागतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. शिवाय नको म्हणावंसं वाटतही नव्हतं. माझा घरचा डबा कॉट बेसिसवाल्याकडे जायचा. पण तिसऱ्या महिन्यात त्याची नजर माझ्या डब्यावरून रताळ्याच्या किसावर गेली आणि त्यानं जाहीर केलं, "मीही गुरुवार धरलाय. मन शांत राहतं."

आमचे हार्डवेअरवाले कॅम्पातले. त्यांचे आजोबा-पणजोबाही पुण्यातच गेलेले. रमजानात पाण्याचा थेंब न घेता दिवसभर मशिनं उघडून बसायचे. ते आमच्या टेबलाकडे बघत म्हणाले, "आम्ही रोज्यात थुंकी गिळताना विचार करतो आणि तुमचा उपास म्हणजे लग्नाची पंगत! मलापण घ्या यात."

वर्षभरात सात जण गुरुवार करू लागले. शेवटी मॅडमनी चमचा टेबलावर आपटला. "मी बौद्ध. आमच्यात उपास नाहीत. आणि सात जणांचे उपास मी चालवतेय. आजपासून साबुदाणा भिजवणं माझ्याकडे, दाण्याचं कूट यांच्याकडे, बटाटे उकडून तुम्ही, आणि तूप ज्याचा देव जास्त कडक त्यानं आणायचं." तूप मी आणू लागलो.

घरी हे कुणाला माहीत नव्हतं. एकदा मांजरीजवळच्या मळ्यात ऑफिसची हुरडा पार्टी होती, सहकुटुंब. तिथं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, यांच्या गुरुवारचं मला खरंच कौतुक वाटतं हो."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी हुरड्याकडे पाहिलं.

"हो ना," बायको म्हणाली. "घरी तर कळूसुद्धा देत नाहीत."

परत येताना स्कूटरवर मागून विचारणा सुरू झाली. "कुठला गुरुवार?"

"त्या खिचडी छान करतात."

"खिचडीसाठी देव धरलात?" ती हडपसर येईपर्यंत हसत होती. मीही हसलो. तेवढा अर्धा भाग तिला कळला. उरलेला अर्धा मी तिलाही सांगितला नाही.

मग सगळं बदललं. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली, साखर गेली, परदेशातल्या बँका आल्या आणि आम्ही खराडीतल्या काचेच्या इमारतीत आलो. गळ्यात कार्डं. कॅन्टीनमध्ये तीनशे खुर्च्या आणि बहुतेक खुर्च्यांवर कानात काहीतरी घातलेला, मोबाइल पेल्याला टेकवून जेवणारा एकेक माणूस. जुन्यांपैकी आम्ही चौघंच उरलो, मी, त्या, हार्डवेअरवाले आणि कॉट बेसिसवाला. त्याचा आता वाघोलीत थ्री बीएचके आहे, पण नाव तेच राहिलं. गुरुवारी आम्ही मायक्रोवेव्हजवळचं टेबल धरायचो.

नवी पोरं विचारायची, "सर, इंटरमिटंट फास्टिंग का? सोळा-आठ?"

"नाही रे," हार्डवेअरवाले म्हणायचे, "यांचं वेगळं. सहा दिवस एकदा जेवतात, गुरुवारी दोनदा."

आणि मॅडमना एक सवय होती. तीनशे खुर्च्यांमधून कुणी नवा एकटा जेवताना दिसला की त्या सरळ जाऊन त्याच्यापुढे उभ्या राहायच्या. "ए, इकडे ये. उपास करतोस का?"

"नाही मॅम."

"मग आजपासून कर. चल."

अशी किती आली आणि गेली. ओडिशाचा एक जण आला, त्यानं साबुदाणा जन्मात पाहिला नव्हता. एक मुलगी रडत आली होती, ती तिसऱ्या थालीपिठाला हसली. पाच वर्षांत त्या एका टेबलाची तीन झाली. मला दर गुरुवारी सकाळी आनंद व्हायचा, लहान पोरासारखा. आणि दर गुरुवारी कुणीतरी नव्याला ती गोष्ट सांगायचंच, की हे सगळं कसं सुरू झालं, सरांचा उपास होता, मॅडमनी खिचडी आणली. तेवढी दोन मिनिटं मी तुपाच्या बाटलीचं झाकण लावत बसायचो.

मग कंपनीत 'काइंडनेस वीक' निघाला. भिंतींवर रंगीत कागद लागले, 'आज कुणाला तरी हसवा'. एचआरमधली मुलगी माझ्या टेबलाशी आली. "सर, तुमची आणि मॅमची थर्सडे स्टोरी इतकी होलसम आहे ना! दोन मिनिटांचा व्हिडिओ करूया. पहिल्या दिवशी एक्झॅक्टली काय झालं, तेवढंच सांगायचं."

"एक्झॅक्टली?"

"हो सर. ऑथेंटिक पाहिजे."

व्हिडिओ चार वाजता होता. जेवताना त्या आपलं बोलणं जुळवत होत्या, आणि जुळवता जुळवता एक गोष्ट म्हणाल्या जी बावीस वर्षांत म्हणाल्या नव्हत्या. "मी त्या दिवशी घाबरले होते खरं तर. आधीच्या ठिकाणी दोन वर्षं माझा डबा माझाच राहायचा. कुणी वाईट बोललं नाही हो, फक्त डबा पुढे केला की सगळ्यांची पोटं नेमकी भरलेली असायची. इथं पहिल्याच दिवशी सगळ्यांनी घेतला. यांचा तेवढा उपास होता."

या वाक्याशेजारी बसून कॅमेऱ्याकडे बघणं मला जमणार नव्हतं.

जेवण झाल्यावर मी त्यांना पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत घेऊन गेलो. तिथं सिगरेटवाले उभे असतात, पण तेव्हा ऊन होतं म्हणून कुणी नव्हतं. खाली नदी, पलीकडे मांजरीकडची हिरवी पट्टी आणि तिच्यात घुसलेल्या इमारती.

"त्या पहिल्या दिवशी माझा उपास नव्हता," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"काय?"

"तिसऱ्या गुरुवारी तुम्ही चहात खारी बुडवलीत. मैद्याची. मी म्हटलं, त्या दिवशी मेथी नको असेल, पुढे खिचडी आवडली, थापा मारतायत, मारू देत. एवढं सांगायला मला उन्हात आणलंत?"

तिथं थांबता आलं असतं. हसून खाली जाता आलं असतं. थांबावं असं मला फार वाटलं.

"डबा तुमचा होता म्हणून मी उपास म्हणालो," मी म्हणालो. "आडनाव ऐकलं होतं. म्हणून."

त्यांनी गळ्यातल्या कार्डाची पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग विचारलं, "मला हे का सांगितलंत?"

"खरं ते सांगायला हवं होतं."

"कुणासाठी?"

मी खाली नदीकडे बघितलं.

"बावीस वर्षं तुम्ही हे वागवलंत. आज जड झालं, म्हणून माझ्या हातात दिलंत. तुम्हाला मोकळं वाटलं असेल." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तो दिवस मी चांगला म्हणून ठेवला होता हो. असे दिवस माझ्याकडे फार नाहीत."

त्या आत गेल्या. एचआरच्या मुलीला त्यांनी सांगितलं, "आमच्या गोष्टीत मीठ पडायचंय अजून. पुढच्या वर्षी बघू." ती म्हणाली, "मॅम, पण स्लॉट बुक केलाय..." तोवर त्या लिफ्टमध्ये होत्या.

संध्याकाळी घरी मी बायकोला उरलेला अर्धा सांगितला. या वेळी ती हसली नाही.

"मला का नाही सांगितलंत इतकी वर्षं?"

"लाज वाटली."

"वाटायलाच हवी," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आमटी वाढली.

पुढच्या गुरुवारी त्या वेळेवर टेबलाशी आल्या, पण हातात डबा नव्हता. फक्त पाण्याची बाटली. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. मी माझा डबा उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. "घ्या ना."

त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "आज माझा उपास आहे."

"तुमचा?" हार्डवेअरवाले हसले. "तुमच्यात कधीपासून?"

"आजपासून. एक दिवसाचा."

पूर्ण वेळ त्या आमच्याबरोबर बसल्या. सगळ्यांशी बोलल्या, कॉट बेसिसवाल्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, फक्त खाल्लं नाही. मी डबा पुढे धरला होता तो किती वेळ? अर्धं मिनिटही नसेल. पुढे केलेला डबा परत आपल्याकडे ओढून घेताना हाताचं काय करावं ते कळत नाही. त्यांना मात्र हे दोन वर्षं रोज करावं लागलं होतं, आणि मग नव्या जागी पहिल्याच दिवशी परत धाडस करून डबा पुढे करावा लागला होता.

सोमवारी मी मायक्रोवेव्हपाशी उभा होतो, तर त्यांनी शेजारी येऊन आपला चहा आत गरम करायला ठेवला.

"बावीस वर्षं मी तुम्हाला खायला घातलं. मला काय आवडतं, माहीत आहे?"

मी शोधलं. त्यांच्या मुलाचे बारावीचे मार्क मला माहीत होते. त्यांना कुठला गुडघा दुखतो ते माहीत होतं. त्या चहात साखर घेत नाहीत, हे माहीत होतं. काय आवडतं ते माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग विचारा की."

"काय आवडतं तुम्हाला?"

"अळूचं फदफदं. लग्नातल्या पंगतीत असतं ना, तसं. मनासारखं एकदाच खाल्लंय."

"बायकोला सांगतो, ती फार छान..."

"वहिनींनी नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही करायचं. गुरुवारी." मायक्रोवेव्ह वाजला. त्या आपला चहा घेऊन गेल्या आणि मी तिथं उभ्या उभ्या, बऱ्याच दिवसांनी, हसलो.

बुधवारी ऑफिसातून लवकर निघून मंडईत गेलो. भाजीवाल्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काळ्या देठाचा घ्या. कोण करणार?"

"मीच."

"का? बायको गावाला गेली?"

"नाही, घरीच आहे."

"मग भांडण झालं," त्यांनी निकाल दिला आणि एक गड्डी जास्त टाकली.

स्वयंपाकघरात बायको स्टूल घेऊन बसली. "मी हात लावणार नाही, फक्त बघणार." पानं चिरली, देठं सोलली. दहा मिनिटांत दोन्ही हात कोपरापर्यंत खाजायला लागले. मी ते नळाखाली धरून नाचत होतो.

"आधी हाताला तेल लावायचं असतं," बायको म्हणाली.

"मग सांगायचं ना!"

"विचारलंत?"

डाळ, दाणे, खोबऱ्याचे काप, गूळ, फोडणी, सगळं वहीत लिहून घेतलं होतं तसं केलं. गुरुवारी सकाळी फदफद्याचा मोठा डबा प्लास्टिकच्या पिशवीत, ती कापडी पिशवीत, असा मांडीवर घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसलो. प्रत्येक गतिरोधकाला मी डब्यासकट उचलला जात होतो. शेजारचा तरुण मुलगा मोबाइलवरून नजर काढून म्हणाला, "सर, काहीतरी लीक होतंय." माझ्या पँटवर हिरवा डाग पडला होता.

एक वाजता सगळे जमले. डबा मध्ये ठेवला. हार्डवेअरवाल्यांनी आत डोकावून विचारलं, "हे चालतं उपासाला?"

"मी कधीच उपास करत नव्हतो," मी म्हणालो. इतक्या माणसांपुढे मी सहसा बोलत नाही, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला. "पहिल्या दिवसापासून खोटं होतं."

कॉट बेसिसवाला उठून उभा राहिला. "म्हणजे? मी बावीस वर्षं गुरुवारचं मटण कुणासाठी सोडलं?"

"मन शांत राहतं म्हणून," त्या म्हणाल्या, आणि टेबलावर असा हशा फुटला की पलीकडच्या रांगेतल्यांनी कानातलं काढून इकडे बघितलं.

का खोटं बोललो, ते मी तिथं सांगितलं नाही. ती गोष्ट माझ्या एकट्याची नव्हती, हे मला गच्चीत कळलं होतं. सांगायची की नाही, कुणाला, कधी, हे त्यांनी ठरवायचं. आज इथं लिहितोय तेही त्यांना विचारून.

त्यांनी वाटी भरून घेतली, भातावर ओतली, कालवली. पहिला घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, परीक्षेच्या निकालाकडे बघतात तसा. दुसरा घास घेतला. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. त्या खाकरल्या. परत खाकरल्या.

"चिंच किती घातलीत?"

"चमचाभर."

"दोन गड्ड्या अळूला चमचाभर? खाजणार नाही तर काय!"

तोपर्यंत हार्डवेअरवाल्यांनी घसा धरला होता. कॉट बेसिसवाला पाण्याची बाटली शोधत होता. ओडिशाचा मुलगा घाबरून विचारत होता, "सर, इज इट सपोज्ड टू डू धिस?" चौदा माणसं एकाच वेळी घसा खाजवायचा प्रयत्न करत होती आणि घसा आतून खाजवता येत नाही. त्या खोकत होत्या, हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टेबलाचा आधार घेऊन त्यांनी मला हातानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही, परत हसल्या. त्यांना असं हसताना मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

एचआरची मुलगी धावत आली. "मॅम, सगळे ओके आहेत ना?"

"ये, बस," त्या कशाबशा म्हणाल्या. "काइंडनेस चाललाय. हिलाही वाढा."

कॅन्टीनवाल्याकडून ताकाचे पेले आले. घसे जरा निवले. मी डब्याला झाकण लावायला गेलो, तर त्यांनी झाकण माझ्या हातातून काढून घेतलं आणि वाटी पुढे केली.

"अजून?" मी म्हणालो. "घसा खाजतोय ना?"

"खाजतोय," त्या म्हणाल्या. "वाढा. आणि पुढच्या गुरुवारी चिंच जरा हात सैल सोडून घाला."